पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज परत फिरतोय, ग्रुपवर काय बोलायचं?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहावं लागतंय. गाव सांगली जिल्ह्यातलं, नाव नको. मुलगी तिसरीत, मुलगा अंगणवाडीत.

गेल्या सोमवारी शाळेच्या पालक ग्रुपवर मेसेज आला की जिल्ह्यात पोरं पळवणारी टोळी उतरलीय, १५-२० जण आहेत, साधूच्या वेषात, चादरी विकायच्या निमित्तानं फिरतात, सोबत बायका पण आहेत, किडन्या काढून विकतात, हा मेसेज प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा. खाली एक व्हिडिओ, त्यातले लोक बोलतात ती भाषा मराठी नाहीच. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला सहा ठिकाणाहून आला, भिशी, बचत गट, माहेरचा ग्रुप, भावकीचा, नवऱ्याचा दूध डेअरीचा आणि एक नणंदेकडून. फक्त गावाचं नाव बदलत होतं. सोमवारी "शेजारच्या तालुक्यात" होतं, बुधवारी "आपल्या ओढ्यापाशी तिघं दिसले" झालं.

चार दिवसात गाव बदललं हो. पोरांची सायकल बंद. सासूबाई पाच वाजता दाराला कडी लावतात. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास गेटवर गर्दी. माझी लेक जेवताना विचारते, आई किडनी कुठं असते? घास हातातच राहिला माझ्या.

आणि गुरुवारी ते झालं. दरवर्षी दिवाळी झाली की उत्तर प्रदेशातला एक माणूस मोटारसायकलवर ब्लँकेटं घेऊन येतो, आठ-नऊ वर्षं झाली, उधारीवर पण देतो आणि पुढच्या फेरीला पैसे नेतो. त्याला पोरांनी पारावर अडवलं, आधार कार्ड काढ म्हणाले, गाठोडं सोडलं, मोबाईल धरून शूटिंग चालू. दोन कानाखाली बसल्या. पोलीस पाटील पळत आले आणि त्याला स्वतःच्या घरात घेऊन दाराला आतनं कडी घातली म्हणून तो वाचला. त्या पोरांमध्ये माझा धाकटा दीर होता. वाईट पोरगा नाही, पुरात लोकांना खांद्यावर घेऊन बाहेर काढलंय त्यानं.

आता खरं सांगते, पहिल्या दिवशी तो मेसेज मी पण बहिणीला पाठवला होता. विश्वास पूर्ण नव्हता, पण तिची पोरगी चार वर्षाची, म्हटलं खरं असलं तर? तेव्हापासून झोप नीट नाही.

ग्रुपवर खोटं आहे म्हटलं तर दोघी म्हणाल्या, तुझ्या पोराला नेल्यावर कळेल तुला. यावर काय बोलायचं? आणि चांगली माणसं अशी कशी होतात, हे मोबाईलमुळं होतंय का आपल्यातच आधीपासून आहे?

जुना बातमीदार:
ताई, बरं केलं लिहिलंत. मी बावीस वर्षं तालुका पातळीवर बातमीदारी केली, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पोलीस पाटलांनी काय वाचवलं ते समजायचं असेल तर १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढा भागातली, पोटासाठी लांब लांब फिरणारी. त्यातला एकजण बाजारात एका लहान मुलीशी बोलला एवढं निमित्त झालं. जमावानं धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. पाचही गेले. त्याच्या आधी कित्येक दिवस त्या भागात असेच मेसेज फिरत होते. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला, सोबत त्यांचं स्वतःचं लहान बाळ होतं, जमावानं घेरलं, तिथं पोलीस वेळेत पोहोचले म्हणून ते जिवंत आहेत.

तुमच्या जिल्ह्यातलंच पण सांगतो. सप्टेंबर २०२२, जत तालुका, लवंगा. पंढरपूरला निघालेले चार साधू, एका मुलाला रस्ता विचारला, झालं. पट्ट्यानं काठीनं मारहाण. ते वाचले.

आता व्हिडिओ. तुमच्याकडचा कोणता ते मी पाहिलेला नाही, पण २०१८ ला देशभर जो फिरला तो, मोटारसायकलवर दोघं येतात आणि गल्लीत खेळणारं पोरगं उचलून नेतात, तो कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ व्हिडिओत ते दोघं परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला. बाकी काही केलं नाही, फक्त शेवटचे काही सेकंद कापले, आणि जी गोष्ट मुलांना वाचवायला केली होती तिच्यावरून माणसं मारली गेली. दुसरा एक फोटो फिरायचा, ओळीनं ठेवलेली लहान मुलांची प्रेतं, तो सीरियातल्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्याचा. किडन्या काढल्या म्हणून आपल्याकडं चालवला.

आणि आमच्या धंद्याचं पण सांगतो, लपवत नाही. अशा अफवेच्या वेळी आम्ही "टोळी सक्रिय?" असं प्रश्नचिन्ह लावून बातमी द्यायचो. प्रश्नचिन्ह लावलं की आपण सुटलो असं वाटायचं. आत चौथ्या परिच्छेदात पोलिसांचा खुलासा असायचा. पण एसटी स्टँडवर पेपर वाचणारा माणूस मथळाच वाचतो हो, आणि मग तो मथळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की मेसेजला पेपरचा शिक्का बसतो. माझ्या हातनं असे दोन मथळे गेलेत, दोन्हीची तारीख मला पाठ आहे.

करायचं काय: ग्रुपवर वाद घालू नका. तीन गोष्टी विचारा, कुठल्या गावात, कुठलं पोलीस ठाणं, मुलाच्या बापाचा नंबर कुणाकडं आहे. मूल खरंच गेलं असेल तर गुन्हा नोंद असतो, त्याला नंबर असतो. आणि पोलीस पाटलांना सांगून ठाणेदारांचा स्वतःच्या आवाजातला मेसेज मागवून घ्या, लेखी पत्रकापेक्षा आवाज चालतो.

पोल्ट्रीवाला:
विषय वेगळा वाटेल पण तोच आहे.

फेब्रुवारी २०२० ला चिकन खाल्लं की कोरोना होतो असा मेसेज आला. माझं ५००० पक्ष्यांचं शेड. ४०-४२ दिवसात पक्षी दोन सव्वादोन किलोचा होतो, त्यानंतर ठेवला की नुसतं खाद्य खातो, म्हणजे थांबता येत नाही, हे लोकांना कळत नाही. तेव्हा किलोमागं खर्च ७० च्या वर होता आणि माझा माल शेवटी १२ रुपयानं गेला. तो पण हातापाया पडून. शेजारच्या गावात एकानं पिल्लं खड्ड्यात पुरली, त्याचा व्हिडिओ झाला आणि तो व्हिडिओ परत "बघा रोगट कोंबड्या पुरतायत" म्हणून फिरला! म्हणजे अफवेनं मेलेला माणूस अफवेचाच पुरावा झाला.

मला राग कशाचा येतो सांगू का, आमचा डॉक्टर, शिकलेला माणूस, घरी चिकन बंद केलेलं. विचारलं तर म्हणतो मला माहितीय खोटंय, पण महिनाभर नाही खाल्लं तर काय बिघडतं. त्याचं काय बिघडत नव्हतं, माझं कर्ज अजून फिटलेलं नाही. विश्वास ठेवणारे थोडेच असतात हो, बिघडतं ते या "खरं असलं तर" वाल्यांमुळं. ताई तुम्ही बहिणीला पाठवलं ते पण हेच. तुम्ही कबूल केलं म्हणून लिहितोय, टोचायला नाही.

दोन मुलींचा बाप:
मला हे सगळं पटत नाही पूर्ण. मुलं हरवतातच ना या राज्यात, रोज हरवतात, पेपरमध्येच येतं. उद्या खरंच काही झालं तर इथले लोक येणार आहेत का? पोलीस तर कायम अफवा आहे म्हणूनच सांगतात, त्यांना गर्दी नको असते. मी माझ्या मुलींना एकटं सोडत नाही आणि मेसेज आला तर पुढं पाठवतो, कुणाला मारा म्हणत नाही मी. सावध राहायला सांगणं हा गुन्हा झाला का? मारहाण करणारे वेगळे आणि सावध करणारे वेगळे, दोघांना एकाच पारड्यात घालू नका.

झेडपी गुरुजी:
दादा, तुमची काळजी खोटी नाही, मी पण एका मुलीचा बाप आहे. मुलं हरवतात हेही खरं. पण कशी हरवतात ते बघा. माझ्या नोकरीत दोन मुलं गेली होती. एक बापाच्या मारामुळं मामाकडं चालत निघालेला, दुसरी मुलगी ऊसतोडीला आईबापामागं गेली आणि शाळेत सांगितलंच नव्हतं. त्या दोन वेळेला पण गावानं पहिला संशय कुणावर घेतला तर ओढ्याकाठी पालं टाकून राहिलेल्या लोकांवर.

आणि जे खरंच वाईट घडतं मुलांच्या बाबतीत, त्याचं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच दाखवतात की लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत, ९० टक्क्यांहून जास्त, आरोपी मुलीच्या ओळखीतला असतो. नातेवाईक, शेजारी, ओळखीचा कुणीतरी. त्याच्याविषयी एकही मेसेज ग्रुपवर येत नाही, कारण तो माणूस त्याच ग्रुपमध्ये असतो. साधूची भीती घालणं सोपं पडतं, काकाविषयी बोलायला जीभ उचलत नाही. आपण पोरीला सांगतो अनोळखी माणसाशी बोलू नको, आणि तिला त्रास देणारा ओळखीचा असला तर तिनं सांगायचं कुणाला याची तयारी आपण करूनच घेत नाही.

मोबाईल का आपण, हा ताईंचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितोय. मी तेव्हा डीएडला होतो. मोबाईल नव्हता, इंटरनेट नव्हतं, नुसते एसटीडी बूथ, घरचे फोन आणि टीव्ही, आणि दुपारपर्यंत देवळाबाहेर रांगा. पुलाच्या पायात पोराचं डोकं घालतात म्हणून पोरं घरात कोंडायची हे तर माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय. म्हणजे भीती आपलीच, जुनी. फरक इतकाच की पूर्वी अफवा माणसाबरोबर चालत यायची, वाटेत चार शहाणी माणसं भेटायची, कुणीतरी म्हणायचं की अरे मी कालच तिथनं आलो, तसलं काही नाही. आता ती चार माणसं मध्ये येतच नाहीत. थेट आईच्या हातात, आणि ती पण बहिणीच्या नावानं.

अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ साली ट्विटरवरच्या सव्वा लाखावर बातम्या तपासल्या होत्या, २००६ ते २०१७ मधल्या. खोटी बातमी पुढं पाठवली जायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि १५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागायचा. आणि हे यंत्रांनी नाही, माणसांनीच केलेलं होतं. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, जॉर्ज गर्बनर नावाच्या प्राध्यापकांनी दाखवलं होतं की जास्त टीव्ही बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. घरात सकाळ संध्याकाळ गुन्ह्यांच्या मालिका चालू असतात, बघणाऱ्याला त्यातला एकही गुन्हा भोगावा लागलेला नसतो, पण दारावर कुणी आलं की पहिला विचार तोच येतो.

दादा, सावध करणारे वेगळे म्हणालात ना. राईनपाड्यात जमलेल्या प्रत्येकाला कुणीतरी फक्त सावधच केलं होतं.

पालावरचा:
मी डवरी गोसावी आहे. इथं सहसा लिहीत नाही.

आमच्या वडिलांनी पन्नास वर्षं भिक्षा मागितली. भगवे कपडे, झोळी, सकाळी निघायचं, दोन चार गावं करायची. लहानपणी मी पण फिरलोय सोबत. तेव्हा पण बायका पोराला म्हणायच्या, गप जेव नाहीतर झोळीत घालून नेईल बघ तो बाबा. हसत म्हणायच्या, आणि वर मूठभर पीठ पण घालायच्या. आम्हाला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट बाबा आमच्याकडं बघून डोळे मोठे करायचे, पोरगं खुदकन हसायचं. ती धमकी खोटी आहे हे तिघांनाही माहिती असायचं, आईला, पोराला आणि बाबाला. आता तीच गोष्ट मोबाईलमधनं आली आणि खरी झाली.

२०१८ नंतर वडिलांनी भगवं सोडलं. साधा शर्ट पायजमा घालून जायला लागले तर लोक म्हणायचे हा कोण, सोंग करतोय. मग आधार कार्ड प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवलं. गावात शिरायच्या आधी पोलीस पाटलाचं घर विचारायचं, तिथं बसायचं, नाव लिहून द्यायचं आणि मग फिरायचं. सत्तरीचा माणूस. शेवटी मीच बंद करायला लावलं. आता ते दिवसभर दारात बसतात, बोलत नाहीत फार.

एक नियम तर त्यांनी स्वतःच केलेला, कुणाच्या पोराकडं बघायचंच नाही. मान खाली. पोरं आवडायची त्यांना फार.

गुरुजींनी पालं म्हटलं ते बरोबर. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं, ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका झाली. आमची जमात त्यातली नाही, पण गावाला कुठं फरक कळतो, फिरता माणूस म्हणजे फिरता माणूस. कागदावरनं नाव गेलं तरी नजरेतनं जात नाही. मेसेज लिहिणाऱ्याला म्हणूनच जास्त काही लिहावं लागत नाही, "साधूच्या वेषात" एवढं पुरतं.

ताई तुमच्या गावच्या पोलीस पाटलांना माझा नमस्कार सांगा. खरंच सांगा.

जुना बातमीदार:
पालावरचा, तुमचं वाचून थांबलो होतो बराच वेळ.

ताईंच्या कामाच्या दोन गोष्टी राहिल्या. २०१८ च्या त्या जुलैतच व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवता येईल असं केलं, आणि जो मेसेज बऱ्याच वेळा फिरलाय त्याच्यावर दोन बाण येतात, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकालाच जातो. ते दोन बाण दिसले की समजायचं की पाठवणाऱ्यानं हे डोळ्यानं बघितलेलं नाही. पण लोक काय करतात, मजकूर कॉपी करून नवीन मेसेज म्हणून टाकतात, बाण जातात, आणि मग ते वहिनीनं स्वतः लिहिल्यासारखं दिसतं. "ओढ्यापाशी तिघं दिसले" हे त्यातलंच असणार, कुणीतरी कॉपी करताना गावाचं नाव घातलं. ज्यानं पहिल्यांदा ओढा लिहिला त्याला शोधा, गावातलाच असणार.

आणि दोन मुलींचा बाप यांना, रागानं नाही म्हणत, खोटी अफवा पुढं पाठवून लोकांत भीती पसरवणं यावर कलम आहे, आधी ५०५ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३५३. मी मारा म्हटलं नव्हतं हे कोर्टात सांगायची वेळ येऊ नये तुमच्यावर.

दोन मुलींचा बाप:
पालावरचा यांचं वाचलं. माझी आई पण असंच म्हणायची, झोळीवाला नेईल. मी पण मुलींना म्हणतो.

पाठवणार नाही आता. पण भीती जात नाही हे पण खरं सांगतो.

कृष्णाकाठची:
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं, सासूबाईंना पण वाचून दाखवलं. झोळीचं ऐकून त्या म्हणाल्या, आमच्या दारात यायचा तो बाबा, मी पीठ घालायचे. मग उठून आत गेल्या.

काय काय केलं ते सांगते. आधी बहिणीला फोन केला, मेसेज खोटा होता आणि मी न बघता पाठवला असं तिला सांगितलं. तिनं तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, १८० लोक. तिथं तिनं माझ्या नावानं लिहिलं, कुणी उत्तर दिलं नाही, फक्त एकीनं अंगठा दिला.

पालक ग्रुपवर वाद घातला नाही. बातमीदार दादांनी सांगितलेले तीन प्रश्न टाकले. दोन तास शांतता. मग हळूहळू माग लागला, हिला तिनं पाठवलं, तिला जावेनं, आणि ओढ्याचं निघालं ते एका नववीतल्या पोराचं. त्यानं खरंच तिघांना बघितलं होतं ओढ्यात हात धुताना, ते विहिरीचं काम करायला आलेले मजूर होते, आमच्याच भावकीतल्या विहिरीवर. पोलीस पाटलांनी ठाण्यातनं साहेबांचा आवाजी मेसेज आणला, तो मी सहाही ग्रुपवर टाकला. गुरुजी, लेकीशी पण बोलले, अनोळखी सोडून ओळखीच्या माणसाविषयी. अवघड गेलं. ती ऐकत होती आणि एकदम म्हणाली की ब्लँकेटवाले काका ओळखीचे का अनोळखी?

दिराला सगळा धागा मोबाईलवर दिला. वाचला त्यानं, काही बोलला नाही, रात्री शूटिंगचा व्हिडिओ डिलीट केला आणि ज्यांना पाठवला होता त्यांना पण करायला लावला. काल सकाळी पोलीस पाटलांकडनं त्या ब्लँकेटवाल्याचा नंबर घेऊन आला माझ्याकडं, वहिनी तुम्ही बोला म्हणाला. मी म्हटलं तूच बोल. तीनदा लावला, रिंग जाते, उचलत नाहीत. त्यांची दोन ब्लँकेटची उधारी आहे आमच्याकडं, ९०० रुपये, या फेरीला द्यायचे होते. दिरानं ते पाकिटात घालून देवघरात ठेवलेत. आज परत लावणार आहे.

पालावरचा दादा, पोलीस पाटलांना तुमचा नमस्कार सांगितला. कोण आहेत ते विचारलं त्यांनी, मी सांगितलं. ते म्हणाले, वडिलांना घेऊन ये म्हणावं गावात, माझ्या घरी उतरा.